फाइलनावांतील अडचणीच्या चिन्हांची कुळकथा

कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याच्या पद्धतीत, फाइलचे नाव ‘एमव्ही’ या आज्ञेने बदलले जाते. ही आज्ञा १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही आढळते. मात्र नावात मोकळी जागा, तारांकन किंवा अवतरणचिन्ह आले, अथवा नावाचा आरंभच आडव्या रेघेने झाला, तर ती अडखळते, आणि या अडखळण्याचे मूळ युनिक्सच्या घडणीतच आहे.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल लॅब्समध्ये घडवलेल्या या प्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, फाइलनावाकडे केवळ बाइटांची ओळ म्हणून पाहिले. त्यात दोनच बाइट निषिद्ध ठरले : डिरेक्टरींची नावे वेगळी करणारी तिरपी रेघ आणि सी भाषेत मजकुराचा शेवट दाखवणारा शून्य बाइट. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत नावाची मर्यादा १४ बाइटांची होती, ती बर्कली विद्यापीठाच्या १९८३ मधील ४.२ बीएसडी आवृत्तीने २५५ पर्यंत वाढवली, परंतु चिन्हांबाबतची मोकळीक कायम राहिली.

याउलट वापरकर्त्याची आज्ञा वाचून ती कर्नलपर्यंत नेणारा शेल हा प्रोग्राम जवळजवळ प्रत्येक विरामचिन्हाला अर्थ देतो : मोकळ्या जागेवर तो शब्द तोडतो, तर तारांकन आणि प्रश्नचिन्ह यांच्या जागी जुळणारी फाइलनावे भरतो. त्यामुळे कर्नलने विनातक्रार स्वीकारलेले नाव शेलच्या हातून जाताना तुटते किंवा बदलते. नाव अवतरणचिन्हांत ठेवणे किंवा चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ देणे हा त्यावरचा सर्वांत जुना उपाय होय. आरंभीच्या आडव्या रेघेवर मात्र तो चालत नाही, कारण तिथे घोटाळा शेल करत नसून नावालाच पर्याय, म्हणजे आडव्या रेघेने सुरू होणारी सूचना, समजणारी आज्ञा करते. अशा वेळी नावाआधी ‘./’ जोडतात, किंवा ‘--’ लिहून पर्याय संपल्याचे कळवतात. हा दुसरा संकेत एटी अँड टीने १९८५ मध्ये खुल्या केलेल्या, पर्याय वाचणाऱ्या ‘गेटऑप्ट’ या उपप्रोग्राममुळे रूढ झाला.

नावातील चिन्ह कळफलकावर उमटवताच येत नसेल, तर ‘आयनोड’ क्रमांक उपयोगी पडतो. फाइलची खरी ओळख असलेला हा क्रमांक फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेकडून मिळवून, त्या क्रमांकाची फाइल ‘फाइंड’ने शोधायची आणि ‘एमव्ही’च्या हवाली करायची, अशी ही रीत आहे. शेकडो नावे एकदम बदलण्यासाठी लॅरी वॉल यांनी पर्ल भाषेत ‘रीनेम’ हा छोटा प्रोग्राम लिहिला, ज्यात नावांतील आकृतिबंध सांगून बदल करता येतो.

कर्नलच्या ज्या मोकळिकीतून ही अडचण उपजली, तिच्यामुळेच देवनागरी नावांनाही वाट मिळाली. सप्टेंबर १९९२ मध्ये थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ या संकेतनात बहुबाइटी अक्षराचा प्रत्येक बाइट १२७ पेक्षा मोठा असतो, म्हणून त्यात तिरपी रेघ किंवा शून्य बाइट चुकूनही येत नाही आणि कर्नलला काहीच बदलावे लागत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तासह, तीन बाइट घेते. त्यामुळे २५५ बाइटांत ८५ चिन्हे मावतात.

तथापि बाइट न तपासण्याची किंमत मराठीलाही मोजावी लागते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ हा युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो आणि र व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. ॲपलच्या १९९८ मधील एचएफएस प्लस या फाइलप्रणालीने दुसरे रूप साठवले, तर इतरत्र बहुधा पहिलेच टाइप होते. म्हणून युनिक्सच्या धाटणीच्या लिनक्सवर दिसायला एकच असलेली दोन नावे एका डिरेक्टरीत शेजारी राहू शकतात, आणि टाइप केलेले नाव समोर दिसत असूनही सापडत नाही. अशी नावे एकाच रूपात आणण्याचे काम ‘कॉन्व्हएमव्ही’ हा प्रोग्राम करतो.

पॉझिक्स या प्रमाणकाच्या २०२४ च्या आवृत्तीने नावांत नवी ओळ सुरू करणारे चिन्ह नाकारण्यास प्रोत्साहन दिले, आणि ‘फाइंड’ व ‘एक्सआर्ग्ज’ या आज्ञांमध्ये नावे शून्य बाइटने वेगळी करण्याची सोय प्रमाणित केली. नावात कधीच येऊ न शकणारा बाइट हाच नावांमधला विश्वासार्ह विभाजक ठरला, कारण बाकी सर्व चिन्हांना कर्नलने आधीच प्रवेश देऊन ठेवला होता.