अल्पोच्च आकाशातील वाहिनीमापनाची कुळकथा

प्रेषकाच्या अँटेनापासून ग्राहकाच्या अँटेनापर्यंत जाताना रेडिओ लहर किती क्षीण होते, किती वाटांनी फुटते आणि किती उशिराने पोचते, या साऱ्याला मिळून ‘वाहिनी’ म्हणतात. आणि ठाऊक असलेला संकेत पाठवून, तो पलीकडे कसा बदलून पोचला यावरून मधल्या वाटेचे गुणधर्म काढणे म्हणजे वाहिनीमापन. या तंत्राची मुळे आयनांबर या वातावरणाच्या वरच्या थराच्या शोधात आहेत. १९२५ मध्ये ग्रेगरी ब्राइट आणि मर्ल ट्यूव यांनी अमेरिकेत लहरींचे तोकडे स्पंद वर सोडून, परतीच्या प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून त्या थराची उंची ठरवली. पुढे हे मापन जमिनीवर उतरले. १९६८ मध्ये ओकुमुरा यांनी तोक्यो परिसरात गाडीतून केलेल्या मोजण्यांचे आलेख प्रसिद्ध केले, १९८० मध्ये हाता यांनी ते सूत्रांत बसवले. दरम्यान बेल प्रयोगशाळेतील डोनाल्ड कॉक्स यांनी ९१० मेगाहर्ट्झवर ठरावीक संकेतमाला पाठवून, इमारतींवर आदळून येणाऱ्या प्रती उशिरानुसार निरनिराळ्या केल्या; येथे एक मायक्रोसेकंदाचा उशीर म्हणजे ३०० मीटर अधिकची वाट.

हाता यांच्या सूत्रात मात्र फिरत्या ग्राहकाची उंची १ ते १० मीटर एवढीच धरलेली आहे, आणि या कुळकथेतील निर्णायक गोष्ट हीच होय. कारण आयनांबर मोजले गेले, रस्ते मोजले गेले, पण ज्या थरात आज ड्रोन उडतात तो मधला, अल्पोच्च थर दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी ‘हरित क्षेत्र’ ठरवलेल्या भागात १२० मीटरपर्यंतचे उड्डाण पूर्वपरवानगीविना खुले केले. त्याआधीच, २०२० पासून, स्वामित्व योजनेत गावठाणांचे भूमापन ड्रोनने होऊ लागले होते.

नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुक्यात या थराच्या मापनाच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सपाट प्रदेशात दीड मीटर उंचीवरून रेडिओ क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असते, १२० मीटरवरून ते सुमारे ४५ किलोमीटरवर जाते. त्यामुळे मांजरा नदीच्या काठी वर चढलेल्या ड्रोनला नांदेडकडचेच नव्हे, तर नदीपलीकडच्या तेलंगणातील टॉवरही एकाच वेळी ‘दिसू’ शकतात, आणि ते टॉवर दूरसंचाराच्या निराळ्या परवाना क्षेत्रात मोडतात. टॉवरच्या अँटेना जमिनीकडे झुकवलेल्या असल्याने वर मुख्य झोताऐवजी बाजूचे क्षीण झोत पोचतात, तर दूरच्या टॉवरांचे संकेत अडथळ्याविना येऊन व्यत्यय आणतात. मोबाइल मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने २०१७ मध्ये नेमका हाच प्रश्न ३०० मीटर उंचीपर्यंत अभ्यासला.

नदीच्या पाण्याचा प्रश्न याहून निराळा. नासाच्या ग्लेन केंद्राबरोबर संशोधक डेव्हिड मॅटोलॅक यांनी २०१३ पासून विमानातून केलेल्या मोजण्यांत पाण्यावरून परावर्तित होणारी लहर स्वतंत्रपणे तपासली गेली. थेट आणि परावर्तित लहरी उलट कलेत भेटल्या की संकेत बुडतो, म्हणून मांजरेसारख्या पात्राजवळ एकाच ठिकाणी उंची बदलत, नदी भरलेली असताना आणि वाळू उघडी पडल्यावरही, मापन पुन्हा करावे लागते.