व्याघ्रशिकार व शिकारबंदी (भारत)

वाघ, बिबट्या, लांडगा इ. मोठ्या हिंस्र श्वापदांची शिकार हे लोकरक्षणाचे कार्य की निसर्गाची हानी, हा वाद भारतात दीर्घकाळ चालला. १९७० मधील व्याघ्रशिकारबंदीने तो कायद्यापुरता मिटला. राजेरजवाड्यांची मृगया भारतात प्राचीन आहे. मोगल बादशाहांच्या शिकारींची वर्णने व चित्रेही उपलब्ध आहेत. तथापि श्वापदांचा उच्छेद हे शासनाचे धोरण ब्रिटिश अमदानीतच बनले. नवी जमीन लागवडीखाली आणून महसूल वाढविण्याच्या कामी वाघ हा अडथळा होय, अशी तत्कालीन अधिकाऱ्यांची धारणा होती. म्हणून मारलेल्या जनावरामागे रोख बक्षीस देण्यात येई. महेश रंगराजन या इतिहासकारांनी सरकारी नोंदींवरून काढलेल्या आकड्यांनुसार १८७५ ते १९२५ या काळात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे व सु. २,००,००० लांडगे मारले गेले. नोंद न झालेल्या शिकारी यात अर्थातच नाहीत. वाघ हरणे व रानडुकरे यांना आवर घालतो, त्यामुळे तो पिकांचा राखणदारच ठरतो, असे मत काही अधिकाऱ्यांनी मांडले होते; परंतु बक्षिसांची पद्धत त्याने थांबली नाही.

बक्षिसाच्या शिकारीबरोबरच प्रतिष्ठेची शिकारही वाढली. हत्तींची रांग, हाकेकरी व मचाण हा सरंजाम संस्थानिकांच्या आतिथ्याचा भागच बनला. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या नेपाळच्या तराईतील शिकारीत सु. दहा दिवसांत ३९ वाघ व १८ गेंडे मारण्यात आले. सुरगुजाच्या महाराजांच्या नावावर तर अकराशेहून अधिक वाघ सांगितले जातात.

पहिला ठाम विरोध शिकारीच्या परंपरेत वाढलेल्या माणसांकडूनच आला, हे लक्षणीय आहे. वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चँपियन यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. रात्री वाटेवर ताणलेल्या तारेला वाघाचा पाय लागताच छायाचित्र निघावे, अशी त्यांची योजना होती. त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. बंदुकांच्या परवान्यांवर मर्यादा, राखीव जंगलांत मोटारींना मज्जाव व बक्षिसांत कपात या मागण्या त्यांनी केल्या. नरभक्षकांची शिकार करणारे जिम कॉर्बेट हेही पुढे संरक्षणाचे पुरस्कर्ते झाले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

शिकारी हाच जंगलाचा खरा रक्षक, असा शिकारीच्या समर्थकांचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. संस्थानिकांनी आपल्या शिकारीसाठी राखलेली अनेक राने त्यामुळेच टिकली. गीरचा सिंह जुनागढच्या नबाबांच्या निर्बंधांमुळे वाचला. पण ती राने राखली जात ती राजाच्या बंदुकीसाठी, आणि तेथे लाकूडफाट्याला जाणाऱ्या गावकऱ्याला मात्र शिक्षा होई. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, तेव्हा हे निर्बंधही सैल झाले. जीपगाड्या, प्रखर दिवे व पीकसंरक्षणाच्या नावाखाली घेतलेल्या बंदुका यांनी जंगले पोखरली. व्यवसाय म्हणून शिकार आयोजित करणाऱ्या मंडळ्या परदेशी पाहुण्यांना वाघाची हमी देऊ लागल्या. याच सुमारास, १९४७ मध्ये, कोरियाच्या महाराजांनी मारलेले तीन चित्ते हे भारतातील अखेरच्या चित्त्यांपैकी मानले जातात. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाचे अधिवेशन १९६९ मध्ये नवी दिल्लीत भरले व वाघाचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढील वर्षी व्याघ्रशिकारीवर बंदी घालण्यात आली. परकीय चलन बुडेल, अशी तक्रार शिकार मंडळ्यांनी केली. १९७२ च्या प्रगणनेत पावलांच्या ठशांवरून १,८२७ वाघ मोजले गेले. ही पद्धत आता सदोष मानली जाते, पण त्या आकड्याने धक्का बसला व तो उपयोगी पडला. त्याच वर्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम झाला. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. कैलास सांखला हे त्याचे पहिले संचालक होत. पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाट होते.

बंदीने चोरटी शिकार थांबली नाही. राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले. २०२२ च्या गणनेत वाघांची अंदाजित सरासरी संख्या ३,६८२ होती.

मनुष्याच्या जिवाला धोकादायक ठरलेला वाघ ठार करण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, अशी तरतूद अधिनियमाच्या अकराव्या कलमात आहे. जुना वाद आता या कलमाभोवतीच पेटतो. यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसांच्या मृत्यूंशी जोडली गेलेली अवनी (टी-१) ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारण्यात आली. परिसरातील गावांत फटाके वाजले. शहरांत निषेधाच्या सभा झाल्या. तिच्या दोन बछड्यांपैकी मादी डिसेंबरमध्ये पकडण्यात येऊन पेंच येथे हलविण्यात आली.