दाखल्यावरचा जिल्हा आणि संगणकाचे इशारे

गोंदियातल्या एखाद्या शाळेने १९८५ साली दिलेला दाखला काढून पाहा. त्यावर 'जिल्हा भंडारा' असेच असणार, कारण गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. दाखला १९५५ सालचा असेल तर राज्यही मध्य प्रदेश. म्हणून कोणी त्यावर लाल शाई फिरवत नाही. आधी साल पाहायचे, मग चूक शोधायची.

आता दुसरा जुना कागद. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावर विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या सी भाषा शिकल्या. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत प्रोग्रॅम नुसत्या 'मेन'ने सुरू होई. मागे 'इंट' नसे. प्रकार लिहिला नाही तर पूर्णांक धरायचा, हा त्या काळचा नियम. एखादे फंक्शन आधी जाहीर न करता वापरले, तरी ते पूर्णांकच परत देते असे कंपायलर धरून चाले. (आपला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर.)

ही उदारता महागात पडते, हे बेल प्रयोगशाळेत लवकरच ध्यानात आले. युनिक्स प्रणाली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना, पहिल्यावर निमूट चालणाऱ्या ओळी दुसऱ्यावर घोळ घालत. १९७८ साली तिथल्या स्टीफन जॉन्सन यांनी 'लिंट' हा वेगळा प्रोग्रॅम लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक तंतू. कंपायलरने भराभर भाषांतर करावे आणि लिंटने खवचट परीक्षकासारखे संशयास्पद जागांवर बोट ठेवावे, अशी ही वाटणी. पुढे यातले बरेच काम कंपायलरच करू लागले. तेच आजचे इशारे. पण इशारा दिला तरी प्रोग्रॅम तयार होतोच. मग तो वाचतो कोण?

३२ बिटांच्या यंत्रांवर पूर्णांक आणि स्मृतीतला पत्ता सारख्याच लांबीचे, त्यामुळे जुने गृहीतक खपून गेले. ६४ बिटांच्या यंत्रांवर पत्ता ६४ बिटांचा झाला, पूर्णांक बहुधा ३२चाच राहिला. जाहीर न केलेल्या फंक्शनने पत्ता परत दिला की त्याचा अर्धा भाग कापला जाई. पत्ता लहान असेपर्यंत काहीच बिघडत नसे. मग एके दिवशी प्रोग्रॅम कोसळे.

सीच्या १९८९च्या मानकाने या सवलती ठेवल्या, १९९९च्या मानकाने काढल्या. गोंदिया जिल्हा झाला त्याच वर्षी! तरी जीसीसी हा कंपायलर नुसता इशारा देत राहिला. मे २०२४मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीत त्याने याला सरळ चूक ठरवले. पंचवीस वर्षे!

मग जुन्या प्रोग्रॅमांचे काय? कंपायलरला साल सांगता येते: हा मजकूर १९८९च्या नियमांनी वाच. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतही चिपळूणकरपूर्व गद्य मूळ लेखनाप्रमाणेच छापायला सांगितले आहे. पण साल सांगितले की सारे इशारे बंद करावेत, हे मला पटत नाही. 'इंट'शिवायचा 'मेन' हा दाखल्यावरचा 'जिल्हा भंडारा' आहे, बिचारा निरुपद्रवी. कापला जाणारा पत्ता मात्र कोणत्याही सालच्या नियमांनी वाचला तरी कापलाच जातो.

वर्गात करून पाहण्याजोगे आहे. नुसत्या 'मेन'चा चार ओळींचा प्रोग्रॅम जीसीसीच्या नव्या आवृत्तीत एकदा १९८९चे नियम सांगून चालवा, एकदा काहीच न सांगता. आणि दोन्ही वेळचे इशारे मुलांना फळ्यावर लिहू द्या.