फोन ठेवल्यानंतरची शांतता

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून मराठी कथा ऐकवणारं एक छोटं ॲप केलं होतं. त्यातल्या आवाजाची बाजू माझ्याकडे होती. एके दिवशी एका काकूंचा फोन आला. आदल्या आठवड्यात दुपारी त्या एक विनोदी कथा ऐकत पडल्या होत्या. मध्येच भावाच्या घरून कॉल आला : भाऊ गेला. बोलणं संपलं, पलीकडून फोन ठेवला गेला आणि लगेच आमचं ॲप उरलेली कथा हसत हसत सांगू लागलं.

"रागावले नाहीये हो मी," त्या म्हणाल्या. "पण त्याला जरा थांबता आलं असतं."

मी कोड उघडून पाहिला. कुठेही चूक नव्हती. कॉल आला की थांबायचं, संपला की जिथे थांबलो तिथून पुढे जायचं, हा नियम मी नीट पाळला होता. मग हा नियम आला कुठून, ते शोधत गेले.

त्याची एक जुनी वाट फोनपर्यंत नाही, मोटारीच्या रेडिओपर्यंत जाते. १९७४ साली पश्चिम जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनी आणि तिथली नभोवाणी केंद्रं यांनी वाहनचालकांसाठी 'एआरआय' नावाची व्यवस्था सुरू केली. रस्त्यावरच्या अडथळ्यांची सूचना द्यायची झाली की केंद्र कार्यक्रमासोबत एक खुणेचा संकेत पाठवी. तो मिळताच गाडीतली कॅसेट थांबे आणि निवेदन ऐकू येई. संकेत बंद झाला की कॅसेट पुन्हा सुरू. व्यत्ययाला सुरुवात असते आणि शेवटही असतो, हे इथे यंत्राला शिकवलं गेलं.

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर स्टीव्ह जॉब्सने पहिला आयफोन दाखवला. गाणं चालू असताना कॉल आला, गाणं हळूहळू विरलं. कॉल संपल्यावर तसंच हळुवार परत आलं. आमच्या पिढीच्या प्रोग्रामरांना हाच आदर्श वाटला.

पुढे दुसऱ्यांनी केलेली ॲप्स फोनवर आली आणि आवाज करणारे अनेक झाले. अँड्रॉइडने २०१० मध्ये, २.२ या आवृत्तीत, 'ऑडिओ फोकस' आणला. दुसऱ्या ॲपने आवाजाचा ताबा मागितला की पहिल्याला निरोप जातो : ताबा कायमचा गेला, थोड्या वेळापुरता गेला, किंवा चालू राहा पण आवाज खाली घे. ऐकायचं की नाही, हे बराच काळ ॲपच्या सौजन्यावर होतं. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून आवाज खाली घेण्याचं काम सिस्टिम स्वतः करू लागली, पण बोलका मजकूर मात्र तिने वगळला. गाणं दबलं तरी गाणंच राहतं, दबलेलं वाक्य हरवतं. ॲपलनेही २०१५ मध्ये, आयओएस ९ मध्ये, बोलक्या आवाजासाठी वेगळी सोय केली.

ॲपलच्या व्यवस्थेत व्यत्यय संपल्याच्या निरोपासोबत 'आता पुन्हा सुरू करायला हरकत नाही' अशी खूण येऊ शकते. सुरुवातीचा निरोप आला म्हणजे शेवटचा येईलच, याची मात्र हमी नसते. हे वाक्य मी पूर्वी अनेकदा वाचलं होतं. काकूंच्या फोननंतर ते वेगळंच वाटलं.

एवढ्या वर्षांत सगळ्यांनी 'व्यत्यय कधी संपला' हा प्रश्न सोडवला. त्या व्यत्ययाने काय आणलं, हे कुणालाच कळत नाही. कळायचं तर यंत्राला आपलं बोलणं ऐकावं लागेल, आणि ते नकोच. म्हणजे पुढे जायचं की नाही, हे ठरवणारं माणूसच हवं.

मी कोड बदलला. नकाशाने वळण सांगितलं, गजर वाजला, तर कथा थांबते आणि दहा सेकंद मागे जाऊन आपसूक सुरू होते. कॉलनंतर मात्र ती गप्प राहते. पंधरा दिवसांत एका बाईंची तक्रार आली : हात कणकेने भरलेले असताना दरवेळी बटण कुठे दाबू? त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये एक पर्याय ठेवला. मुळात मात्र तो बंदच असतो.

काकूंनी ती कथा पुढे ऐकली का, ते मी विचारलं नाही. जिथे थांबली होती, ती जागा ॲपने जपून ठेवली आहे.