एका रेल्वेमार्गाचा अस्त आणि पुनरुदय

रेल्वे प्रथम कशी आली, याची हकीकत आपण पुष्कळदा ऐकली आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली गाडी तर शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु एकदा आलेली रेल्वे गेली, तिचे रूळही उपटून नेले गेले आणि पुढे दोन पिढ्यांनी तीच पुन्हा आली, अशी उदाहरणे थोडी. त्यांतले एक स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीवर घडले आहे. तेथे रेल्वे बंद करण्याचा हुकूम एका रात्रीत अमलात आला. तो फिरवावयास मात्र शेहेचाळीस वर्षे लागली. इतकी वर्षे का लागावीत, हाच या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

एडिंबरो ही स्कॉटलंडची राजधानी. तेथून दक्षिणेस इंग्लंडमधील कार्लाइल शहरापर्यंत नॉर्थ ब्रिटिश रेल्वे कंपनीने सुमारे अठ्ठ्याण्णव मैलांचा मार्ग बांधला. १८४९ साली तो हॉइक गावापर्यंत पोचला आणि १८६२ साली कार्लाइलला जाऊन भिडला. वाटेत गॅलाशील्स आणि हॉइक ही लोकरीच्या कापडाची गावे. येथील ट्वीड आणि विणकाम साऱ्या जगात जाई. सर वॉल्टर स्कॉट यांचे निवासस्थान याच प्रदेशात असल्यामुळे त्यांच्या कादंबरीवरून या मार्गास 'वेव्हर्ली' हे नाव मिळाले. कादंबरीचे नाव धारण करणारा रेल्वेमार्ग हे भाग्य फारच थोड्या देशांना लाभले असेल.

तथापि मार्ग रमणीय असला तरी कठीण होता. मध्ये डोंगर, चढ एके ठिकाणी हजार फुटांवर गेलेला. वस्ती विरळ. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि ब्रिटनच्या रेल्वेला मोठा तोटा येऊ लागला. तेव्हा सरकारने रेल्वेच्या कारभारावर डॉ. रिचर्ड बीचिंग यांची नेमणूक केली. हे गृहस्थ एका मोठ्या रसायन कंपनीतून आलेले, हिशेबात अत्यंत काटेकोर. १९६३ साली त्यांनी अहवाल सादर केला आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग व दोन हजारांहून अधिक स्टेशने प्रवाशांसाठी बंद करावीत, असे सुचविले. वेव्हर्ली मार्ग त्या यादीत होता.

बीचिंग यांना खलपुरुष ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. तोटा खरा होता, रिकाम्या धावणाऱ्या गाड्याही खऱ्या होत्या. दोष आकड्यांत नव्हता; काय मोजावयाचे आणि काय सोडावयाचे, या निवडीत होता. तिकिटाचे उत्पन्न आणि गाडी चालविण्याचा खर्च एवढेच हिशेबात आले. गाडी गेल्यावर गिरणीला माणूस कोठून मिळेल, कॉलेजात जाणारा मुलगा घरी राहील की गाव सोडील, या गोष्टींना रेल्वेच्या खतावणीत रकानाच नव्हता.

लोक स्वस्थ बसले नाहीत. हॉइक येथील मॅज एलियट या गृहिणीने अकरा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज घेऊन डिसेंबर १९६८ मध्ये लंडन गाठले आणि तो पंतप्रधानांच्या निवासस्थानी दिला. उपयोग झाला नाही. ५ जानेवारी १९६९ च्या रात्री शेवटची गाडी एडिंबरोहून लंडनला निघाली. सरहद्दीवरच्या न्यूकॅसल्टन या खेड्यात गावकऱ्यांनी रेल्वेचे फाटक लावून ती अडविली. त्यांच्यात गावचे धर्मोपदेशकही होते. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. त्याच गाडीतून त्या भागाचे तरुण खासदार डेव्हिड स्टील प्रवास करीत होते. त्यांनी मध्यस्थी केली, धर्मोपदेशकांची सुटका झाली, लोक बाजूला झाले आणि गाडी सुमारे दोन तास उशिराने पुढे गेली.

पुढे काही खासगी मंडळींनी हा मार्ग विकत घेण्याचा प्रयत्न केला; तो पैशाअभावी फसला. रूळ उचलले गेले. एका मोठ्या प्रदेशात एकही प्रवासी स्टेशन उरले नाही.

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. रूळ हे लोखंड आहे; ते पुन्हा आणून टाकता येते. परंतु रेल्वेचा खरा ठेवा म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असलेली अरुंद पट्टीची जमीन. तिचा एक तुकडा गेला की उरलेल्या सगळ्या पट्टीचे मोल घटते. वेव्हर्ली मार्गाचे तेच झाले. एडिंबरोभोवतीचा वळणरस्ता जुन्या मार्गाला आडवा गेला. गॅलाशील्समध्ये घरे व रस्ते आले. मेलरोज येथे तर जुन्या फलाटाला लागूनच मोटाररस्ता झाला. जे सोडून दिले होते ते परत घेण्यासाठी पुढे कायदा करावा लागला, भूसंपादन करावे लागले, नवे पूल बांधावे लागले.

१९९९ साली स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले तेच डेव्हिड स्टील. त्याच वर्षी रेल्वेसाठी लोकांची नवी चळवळ उभी राहिली, आणि तीत मॅज एलियटही होत्या. २००६ साली संसदेने रेल्वेचा कायदा संमत केला. खासगी भांडवलाने काम करवून घेण्याचा बेत फसला, तेव्हा सार्वजनिक रेल्वे संस्थेने ते हाती घेतले. त्या काळच्या किमतीने २९ कोटी ४० लक्ष पौंड खर्चून एडिंबरोपासून ट्वीडबँकपर्यंत तीस मैलांचा मार्ग आणि सात नवी स्टेशने तयार झाली. तेवीस कमानींचा जुना दगडी पूल आणि जुने बोगदे पुन्हा कामास आले. ६ सप्टेंबर २०१५ रोजी प्रवासी गाडी सुरू झाली आणि तीनच दिवसांनी राणी एलिझाबेथ यांनी तिचे विधिपूर्वक उद्घाटन केले.

पहिल्या वर्षी दहा लाखांहून अधिक प्रवास झाले. गंमत अशी की, दक्षिणेकडच्या लहान गावांतून प्रवासी अंदाजापेक्षा कितीतरी अधिक आले. म्हणजे अर्धशतकापूर्वी जेथे माणसे कमी म्हणून गाडी गेली, तेथेच ती हवी होती. तथापि हे यश निर्भेळ नाही. खर्च वाचविण्यासाठी मार्ग बहुतांशी एकेरी ठेवला, त्यामुळे एक गाडी खोळंबली की दुसरीही खोळंबते. आणि ज्या हॉइकमधून तो सह्यांचा अर्ज गेला, तेथे अद्याप गाडी पोचलेली नाही. अठ्ठ्याण्णव मैलांपैकी तीसच परत मिळाले.

हा इतिहास आपल्याला परका नाही. आपल्या वऱ्हाडात यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी, कापसासाठी बांधलेली अरुंद मापाची 'शकुंतला' १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. अलीकडच्या वर्षांत तीही थांबली. ती पुन्हा सुरू व्हावी, रुंद व्हावी, अशी लोकांची मागणी आहे. गाडी आज परवडते की नाही, याचा वाद तज्ज्ञांनी खुशाल करावा. परंतु तो वाद संपेपर्यंत मार्गाची जमीन अखंड राखणे, हे तर विनावाद करता येण्यासारखे आहे. गाडी बंद करणारी पिढी चुकली तर पुढची पिढी ती चूक सुधारू शकते. मात्र त्यासाठी तिच्या हाती ती जमीन उरली पाहिजे.