वॉशिंग्टनमध्ये फुकट, न्यूयॉर्कमध्ये तिकीट: अमेरिकेतली शहरं बघताना कुटुंबाचे पैसे नेमके कुठे जातात?

वॉशिंग्टनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये पहिल्यांदा जाणारी भारतीय कुटुंबं दारातून आत शिरली की आधी तिकीट खिडकी शोधतात. ती सापडत नाही. सुरक्षारक्षक बॅग तपासतो आणि पुढच्या मिनिटाला मुलं एका भल्यामोठ्या आफ्रिकन हत्तीसमोर उभी असतात. वरच्या मजल्यावर होप हिरा आहे. ४५.५२ कॅरेटचा हा निळा हिरा मूळचा गोवळकोंड्याच्या खाणींमधला. तो बघायलाही एक पैसा पडत नाही.

हेच कुटुंब दोन दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये असेल, तर चित्र वेगळं असतं. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ८६ व्या मजल्यावर जायचं, तर एका प्रौढाचं तिकीट ४० डॉलरच्या घरात जातं. मुलांना थोडी सवलत धरली तरी चौघांचे मिळून दीडशे डॉलर, म्हणजे तेरा हजार रुपयांच्या आसपास होतात. तेही तासाभराच्या दृश्यासाठी.

रेल्वेने साडेतीन तासांच्या अंतरावरच्या या दोन शहरांमध्ये एवढा फरक का? एखादं ठिकाण किती भारी आहे, यावर तिकीट ठरत नाही. ते कोणाच्या मालकीचं आहे आणि त्याचा रोजचा खर्च कोण उचलतं, यावर ठरतं. हे लक्षात आलं की कुठे पैसे लागतील याचा अंदाज बांधता येतो. शिवाय कुठलं दार अचानक बंद होऊ शकतं, हेही कळतं.

कधीही अमेरिकेत न गेलेल्या माणसाची देणगी

वॉशिंग्टनमधल्या फुकट म्युझियमांची गोष्ट एका इंग्रजापासून सुरू होते. जेम्स स्मिथसन हा रसायनशास्त्रज्ञ १८२९ मध्ये वारला. त्याने सगळी मालमत्ता पुतण्याच्या नावावर केली होती. मात्र मृत्युपत्रात एक अट होती. पुतण्या वारस न ठेवता गेला, तर पैसा अमेरिकेला मिळावा आणि त्यातून वॉशिंग्टनमध्ये ज्ञान वाढवणारी आणि पसरवणारी संस्था उभी राहावी. गंमत म्हणजे स्मिथसनने आयुष्यात कधी अमेरिकेत पाऊल ठेवलं नव्हतं. त्याला हे का सुचलं, ते त्याने कुठे सांगितल्याचं सापडत नाही. त्याचे बहुतेक कागदही पुढे १८६५ च्या आगीत जळाले.

पुतण्या १८३५ मध्ये वारस नसताना वारला. १८३८ मध्ये सोन्याच्या नाण्यांनी भरलेल्या पेट्या जहाजाने अमेरिकेत पोहोचल्या. त्या सोन्याची किंमत पाच लाख डॉलरहून थोडी जास्त होती. मग हे पैसे घ्यावेत का आणि घेतले तर करायचं काय, यावर अमेरिकी संसदेत कित्येक वर्षं वाद चालला. शेवटी १८४६ मध्ये कायदा झाला आणि स्मिथसोनियन संस्था जन्माला आली.

आज तिची २१ म्युझियम आणि एक प्राणिसंग्रहालय आहे. यातली बहुतेक वॉशिंग्टनमध्ये आहेत आणि तिथे प्रवेश मोफत आहे. वर्षातून फक्त २५ डिसेंबरला सुट्टी असते. राइट बंधूंचं १९०३ चं विमान आणि चंद्रावर गेलेल्या अपोलो ११ मधल्या अंतराळवीरांना पृथ्वीवर परत आणणारं यान, दोन्ही इथल्या एअर अँड स्पेस म्युझियमच्या मालकीची आहेत. शेजारची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट स्मिथसोनियनची नाही. उद्योगपती अँड्र्यू मेलन यांच्या देणगीतून ती १९४१ मध्ये उघडली. तिथेही तिकीट नाही.

स्मिथसनच्या पैशावर आज एवढा पसारा चालत नाही, हे उघड आहे. संस्थेच्या खर्चातला निम्म्याहून बराच जास्त भाग केंद्र सरकार देतं. म्हणजे अमेरिकेतला करदाता आधीच पैसे भरून बसलेला असतो, म्हणून दारात कोणी मागत नाही.

पण फुकट म्हणजे मनात आलं की गेलं, असं नसतं. एअर अँड स्पेस म्युझियम, २०१६ मध्ये उघडलेलं आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं म्युझियम आणि प्राणिसंग्रहालय यांच्यासाठी वेळ ठरवलेले पास आधी ऑनलाइन घ्यावे लागतात. पास फुकटच आहेत, पण गर्दीच्या दिवसांत ते लवकर संपतात. प्राणिसंग्रहालयात प्रवेश फुकट आणि गाडी लावायचे मात्र ३० डॉलर, असाही प्रकार आहे. तिथे मेट्रोने गेलेलं बरं.

अंतराचा अंदाजही अनेकांचा चुकतो. नकाशावर संसद, म्युझियम आणि लिंकन स्मारक एकाच हिरव्या पट्ट्यात शेजारी-शेजारी दिसतात. हा पट्टा म्हणजे नॅशनल मॉल. नाव ऐकून दुकानं डोळ्यांसमोर येतात, पण तिथे दुकानं नाहीत. संसदेपासून लिंकन स्मारकापर्यंत तीन किलोमीटरहून जास्त चाल आहे आणि वाटेत सावली कमी. जुलैमध्ये वॉशिंग्टन चांगलंच तापतं आणि घामही काढतं. मुलीकडे किंवा मुलाकडे आलेले आई-बाबा सोबत असतील, तर दुपार म्युझियमच्या गारव्यात काढावी आणि स्मारकं संध्याकाळनंतर बघावीत. लिंकन स्मारक रात्रीही खुलं असतं आणि दिव्यांच्या उजेडात ते दिवसापेक्षा जास्त देखणं दिसतं.

सरकार बंद पडलं की म्युझियमही बंद

करदात्याच्या पैशावर चालणाऱ्या दाराला एक धोका असतो. अमेरिकी संसदेने ठरलेल्या मुदतीत खर्चाला मंजुरी दिली नाही, तर सरकारचे बरेचसे विभाग काम थांबवतात. यालाच शटडाउन म्हणतात. म्युझियम हा काही अत्यावश्यक विभाग नाही, त्यामुळे त्यालाही कुलूप लागतं.

ऑक्टोबर २०१३ मध्ये सोळा दिवस असं झालं. तेव्हा प्राणिसंग्रहालयातल्या पांडांना घरबसल्या दाखवणारा कॅमेरासुद्धा बंद झाला होता. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेला शटडाउन ३५ दिवस चालला. शिल्लक पैशावर स्मिथसोनियनने नाताळची सुट्टी निभावली आणि २ जानेवारी २०१९ ला दारं लावली. २०२५ मध्येही तेच झालं. १ ऑक्टोबरला शटडाउन सुरू झाला, १२ ऑक्टोबरपासून म्युझियम बंद झाली आणि हा शटडाउन ४३ दिवसांनी संपला. विमानाची तिकिटं आणि हॉटेल सहा महिने आधी ठरवून आलेल्या कुटुंबाच्या हातात अशा वेळी काहीच नसतं.

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत वॉशिंग्टनला जायचं असेल, तर सप्टेंबर अखेरच्या बातम्यांवर नजर ठेवलेली बरी.

न्यूयॉर्क: बेट फुकट, बोट नाही

न्यूयॉर्कमधलं सगळ्यात मोठं आकर्षण मात्र सरकारी आहे. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि त्याचं बेट केंद्र सरकारच्या राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे. बेटावर प्रवेश शुल्क नाही. पण तिथे पूल नाही, बोटीनेच जावं लागतं. बेटावर पर्यटक उतरवण्याचा अधिकार स्टॅच्यू सिटी क्रूझेस या एकाच कंपनीला आहे आणि प्रौढाचं तिकीट २५ डॉलरच्या आसपास पडतं. धक्क्याजवळ वेगवेगळी तिकिटं विकणारे लोक भेटतात. त्यांच्या बोटी बहुतेक वेळा पुतळ्याजवळून फेरी मारतात, बेटावर थांबत नाहीत.

याच तिकिटात एलिस आयलंडही येतं. १८९२ ते १९५४ या काळात सव्वा कोटीच्या आसपास स्थलांतरित इथून अमेरिकेत शिरले. त्यांची वैद्यकीय तपासणी, चौकशी आणि सामानाच्या रांगा, सगळं इथेच व्हायचं. व्हिसासाठी महिनोन्‌महिने थांबून, माणशी १८५ डॉलर भरून आलेल्या भारतीय कुटुंबाला ही दालनं पुतळ्यापेक्षा जास्त आपली वाटली, तर नवल नाही. पुतळ्याच्या मुकुटापर्यंत जायचं तिकीट मात्र वेगळं असतं आणि खूप आधी काढावं लागतं. शेवटच्या १६२ पायऱ्या अरुंद आणि गोल जिन्याच्या आहेत, तिथे लिफ्ट नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी हा नाद सोडलेला चांगला.

पुतळा नुसता बघायचा असेल, तर स्टेटन आयलंड फेरी आहे. ही शहराची रोजची प्रवासी बोट. नोकरदार तिच्यातून ये-जा करतात. १९९७ पासून तिला तिकीट नाही. पंचवीस मिनिटांच्या प्रवासात जाताना उजव्या हाताला पुतळा दिसतो. पलीकडे उतरून परतीच्या बोटीत बसायचं, एवढंच.

एम्पायर स्टेट, टॉप ऑफ द रॉक, वन वर्ल्ड ही उंचावरून शहर दाखवणारी ठिकाणं व्यावसायिक आहेत. तिथे सूर्यास्ताच्या वेळचं तिकीट आणखी महाग असतं, कारण त्या वेळेला मागणी जास्त. दोन-तीन इमारतींवर चढून दिसतं तेच शहर, त्यामुळे एक निवडणं पुरे.

म्युझियमांचा हिशेब मधला आहे. मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टमध्ये पूर्वी कोणीही जमेल तेवढे पैसे देऊन आत जाऊ शकत होतं. मार्च २०१८ मध्ये बाहेरच्यांसाठी हे थांबलं. आता प्रौढाला ३० डॉलर, १२ वर्षांखालच्या मुलांना मोफत. न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांना मात्र जुनीच सोय आहे. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये ही सोय न्यू जर्सी आणि कनेटिकटच्या रहिवाशांनाही मिळते. म्हणजे एडिसनला राहणारी मुलगी पत्त्याचा पुरावा दाखवून हवे तेवढे पैसे देईल आणि पुण्याहून आलेल्या तिच्या आई-बाबांना पूर्ण तिकीट पडेल. दार तेच, डायनासोरही तेच.

शिकागोतही असंच आहे. तिथल्या मोठ्या म्युझियमांचे फुकट दिवस इलिनॉय राज्याच्या रहिवाशांसाठी असतात. बाहेरून आलेल्यांसाठी मिलेनियम पार्क आणि लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालय कायम मोफत आहे. पार्कमधलं प्रसिद्ध चकचकीत 'बीन' ज्यांनी घडवलं, ते अनिश कपूर यांचा जन्म मुंबईचा.

खरा खड्डा रात्रीचा

इतकं सगळं वाचवूनही बजेट कोसळतं ते राहण्यावर. एकेकाळी न्यूयॉर्कमध्ये चार-पाच जणांचं कुटुंब अख्खा फ्लॅट भाड्याने घेऊन स्वयंपाकही करायचं. सप्टेंबर २०२३ पासून शहराने अल्पमुदतीच्या भाड्यांवरचा कायदा कडक केला. तीस दिवसांपेक्षा कमी काळ घर द्यायचं, तर मालकाने स्वतः तिथे राहायला हवं आणि पाहुणे दोनच. घरभाडी वाढल्याने स्थानिकांना परवडणारी घरं मिळेनात, हे त्यामागचं एक कारण. पण चौघांच्या कुटुंबासाठी त्यामुळे हॉटेल हाच मार्ग उरला.

हॉटेलच्या दरावर जवळपास १५ टक्के कर लागतो. त्यावर काही हॉटेल 'रिसॉर्ट फी' किंवा 'डेस्टिनेशन फी' लावतात. ही फी आधी शेवटच्या पानावर उगवायची. मे २०२५ पासून केंद्राच्या नियमानुसार ती सुरुवातीच्या दरातच दाखवावी लागते. कर मात्र अजूनही नंतर मिळवले जाऊ शकतात. म्हणून अनेक कुटुंबं हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत राहतात आणि पाथ रेल्वेने मॅनहॅटनमध्ये येतात.

भाड्याच्या गाडीचा मोह आवरावा. मॅनहॅटनच्या ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला शिरलं की ५ जानेवारी २०२५ पासून दिवसा ९ डॉलर लागतात, पार्किंग वेगळं. सबवेचं तिकीट ३ डॉलर आहे आणि ४४ इंचांपर्यंत उंचीची मुलं मोठ्यांसोबत फुकट जातात. इथे वय विचारत नाहीत, उंची बघतात.

मधलं स्टेशन

न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन अ‍ॅमट्रॅक रेल्वेने जाणारे बहुतेक जण फिलाडेल्फिया खिडकीतूनच बघतात. खरं तर एक दिवस तिथे उतरायला हरकत नाही. ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या इमारतीत मंजूर झाला, तो इंडिपेंडन्स हॉल इथे आहे. ऑनलाइन नोंदणीचा माणशी एक डॉलर सोडला, तर तो मोफत आहे. मराठी माणसासाठी या शहराला आणखी एक ओळख आहे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी याच शहरातल्या महिलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या.

हॉलच्या समोर तडा गेलेली लिबर्टी बेल आहे. तिला तिकीट नाही आणि नोंदणीही लागत नाही. इमारत सरकारी असल्याने शटडाउनमध्ये तिलाही कुलूप लागू शकतं, पण घंटा काचेच्या भिंतीमागे ठेवली आहे. दार बंद असलं तरी फुटपाथवरून ती दिसते, रात्रीसुद्धा.