वकील, वार्ताहर आणि अध्यासन

परक्या राजधानीत राहून स्वदेशी वृत्त धाडण्याचा व्यवसाय मराठी माणसाने पाश्चात्त्य पत्रकारितेपासून उचलला, अशी समजूत आढळते. ती बरोबर नव्हे. अठराव्या शतकात दिल्लीहून हिंगणे आणि निजामाच्या दरबारातून गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील तेथील घडामोडी पुण्यास लिहून कळवीत. ज्या निजामी राज्यातून काळे लिहीत, त्याच राज्यात आमचा शिरूर अनंतपाळचा परिसर १९४८ पर्यंत होता. या पत्रांत फारसी शब्दांची रेलचेल आहे. परंतु वाक्याचा सांगाडा मराठीच आहे.

या पार्श्वभूमीवर दिलीप पाडगांवकर (१९४४–२०१६) यांचे चरित्र पाहण्यासारखे आहे. जन्म पुण्याचा, पदवी फर्ग्युसन महाविद्यालयाची, डॉक्टरेट पॅरिसच्या सोरबोनची. ती १९६८ मध्ये मिळताच ते 'टाइम्स ऑफ इंडिया'चे पॅरिस येथील प्रतिनिधी झाले. पुढे काही वर्षे युनेस्कोची सेवा करून १९८८ ते १९९४ त्यांनी त्याच पत्राचे संपादकपद सांभाळले. उत्तरायुष्यात पुण्याच्या सिंबायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठात ते आर. के. लक्ष्मण अध्यासनाचे प्राध्यापक होते. संपादकाने त्याच पत्रातील व्यंगचित्रकाराच्या नावाच्या अध्यासनावर बसावे, हा योग मोठा गमतीचा!

वकिलाचे पत्र पुण्याच्या वाड्यात वाचले जाई आणि ते मराठीत असे. पुण्यातच जन्मलेल्या प्रतिनिधीचे पॅरिसचे वृत्त मात्र इंग्रजीत छापले जाई. हा दोष पाडगांवकरांचा नव्हे. परदेशी प्रतिनिधी पोसण्याची ऐपत बहुतांशी इंग्रजी पत्रांजवळ होती. मराठी पत्रांस वृत्तसंस्थांच्या इंग्रजी मजकुरावर भागवावे लागे, आणि जगाचे वर्णन अनुवादाच्या टेबलावर घडे.

त्याचे परिणाम शब्दांत दिसतात. २०१० मध्ये केंद्र शासनाने जम्मू-काश्मीरसाठी तिघांची नेमणूक केली. पाडगांवकर त्यांपैकी एक. पदाचे नाव इंग्रजीत 'इंटरलॉक्युटर'. त्यास 'मध्यस्थ' म्हणावे की 'संवादक'? मध्यस्थ दोन पक्षांच्या मधोमध उभा राहून तडजोड घडवितो. संवादक ऐकतो, बोलतो आणि अहवाल देतो. पहिला शब्द योजिला तर वाचकाच्या मनात वाटाघाटींची अपेक्षा निर्माण होते, आणि शासनाने ती दिलेलीच नसते. घाईत बसलेल्या उपसंपादकाने निवडलेला एक शब्द असे राजकीय विधान करून जातो.

वार्ताहराने अध्यापक होऊन काय शिकवावे, याचे उत्तर प्रस्तुत लेखकास येथे सापडते. बातमीची मांडणी पुस्तकातूनही शिकता येते. परक्या व्यवस्थेतील पद, प्रथा व संस्था घरच्या वाचकास कोणत्या नावाने सांगावी, हा निर्णय रोज घेतलेल्या माणसाकडूनच शिकावा लागतो. शिरूर अनंतपाळहून नांदेडच्या विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रथम गोविंदराव काळ्यांचे एखादे पत्र ठेवावे, नंतर त्याच दिवशीची परदेशी बातमी ठेवावी, आणि त्या बातमीतील पदनामांना मराठी नावे शोधावयास सांगावी. तासभर पुरणार नाही.